घरांतील खून आणि बदलती जबानी



एखाद्या घरांत कोणाचा तरी संशयास्पद मृत्यु होतो, पोलिस येतात, घरांतीलच एका माणसाला ताब्यांत घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एक ठराविक वाक्य येतें : आरोपीच्या जबानींत विसंगति आढळली आहे. सकाळच्या चहाबरोबर आपण तें वाक्य वाचतों, आणि चहा संपण्यापूर्वींच बहुतेक घरांतून खटल्याचा निकालहि लागलेला असतो. तो खोटें बोलला, त्याअर्थीं त्यानेंच केलें असलें पाहिजे, असा तो निकाल. हें अनुमान अगदींच निराधार असतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु तें पुरेसें असतें काय, आणि नसेल तर त्याला कशाची जोड लागते, याचा विचार आज आपल्याबरोबर करावा अशी माझी इच्छा आहे.

ज्या जिल्ह्याला २०२३ सालापासून सरकारदप्तरींहि धाराशिव हें त्याचें जुनें नांव परत मिळालें आहे, त्या जिल्ह्याच्या न्यायालयांत मीं बरींच वर्षें वकिली केली. तेव्हां उदाहरण तिकडचेंच घेतों. तें कल्पित आहे. कोणत्याहि घडलेल्या प्रकरणाशीं त्याचा संबंध नाहीं. पण तसल्या घरांत मीं अनेकदां पाणी प्यालों आहें.

समजा, कळंब तालुक्यांतील एक शेतावरची वस्ती. दोन खोल्या, पुढें पडवी, बाजूला गोठा. घरांत नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. एके दिवशीं पहाटे ती सून अंथरुणांत मरून पडलेली सांपडते. नवरा धांवत शेजारच्या वस्तीवर जातो आणि सांगतो, "तिला पान लागलं." तिकडे सापाचें नांव रात्रीं घेत नाहींत, सर्पदंश झाला याला पान लागलें असें म्हणतात. दुपारीं फौजदार येतात, तेव्हां तो म्हणतो, रात्रीं तिच्या पोटांत फार दुखत होतें, ती कळवळत होती. दुसऱ्या दिवशीं ठाण्यावर तो म्हणतो, मी त्या रात्रीं घरींच नव्हतों, जोंधळ्याच्या राखणीला गेलों होतों. एका मृत्यूच्या तीन हकिकती झाल्या. आतां या माणसाविषयीं आपण काय म्हणाल ?

घाईनें कांहीं म्हणूं नये. प्रथम पहिल्या दोन हकिकती घ्या. साप चावला असें म्हणणारा माणूस पोटदुखीची गोष्ट काढतो, हें आपल्याला उघड उघड विसंगत वाटतें. परंतु विषवैद्यकाचे जाणकार निराळें सांगतील. आपल्याकडे जे चार विषारी साप विशेषेंकरून माणसें मारतात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें, त्यांपैकीं मण्यार रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या जागीं सूज नसते, वेदना नसल्यासारखी असते, खूणहि पुष्कळदां सहज दिसत नाहीं. आणि पोटांत कळा येणें हें तिच्या विषाचें एक ठाऊक असलेलें लक्षण आहे. म्हणजे ज्या दोन वाक्यांवरून आपण त्या माणसाला लबाड ठरवीत होतों, तीं दोन्हीं खरीं असूं शकतात. मात्र त्याची तिसरी हकिकत निराळ्या जातीची आहे. जो रात्रीं घरीं नव्हता, त्यानें बायकोला कळवळतांना पाहिलें कसें ? ही विसंगति कोणत्याहि वैद्यकानें मिटणारी नाहीं.

विसंगतीची पारख करतांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं जी गोष्ट जुळत नाहीं ती त्या माणसाला ठाऊक असलीच पाहिजे अशी आहे काय ? रात्रीं किती वाजतां जाग आली, दिवा कोणी लावला, दार उघडें होतें कीं लोटलेलें, यांविषयीं ज्याच्या घरांत मृत्यु झाला आहे तो माणूस दोनदां दोन प्रकारें बोलला, तर तो गुन्हेगारच असेल असें नाहीं. दुःखानें व भीतीनें स्मरणाची जी अवस्था होते, ती आपण प्रत्येकानें आपल्या घरीं अनुभविली आहे. पण आपण स्वतः त्या रात्रीं कोठें होतों, हें असें विसरतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट लिहिणाराची. निझामाच्या राजवटींत, म्हणजे १९४८ पर्यंत, धाराशिव जिल्ह्यांतील न्यायालयांची भाषा उर्दू होती. मराठी कुणबी बोले, तें उर्दूंत उतरे, आणि मग त्याच्या शब्दांचा कीस काढला जाई. पुढें भाषा मराठी झाली. तरीहि बोलणें आणि लिहिणें यांतील अंतर अजून संपलेलें नाहीं. बाई सांगते, "तांबडं फुटायला मी उठले," आणि जबाबांत उतरतें, पहाटे पांच वाजतां. दुसरा अंमलदार तेंच साडेपांच लिहितो. "समक्ष विचारल्यावरून सांगतो कीं" या सांच्यांतून निघालेलें प्रत्येक वाक्य बोलणाराचेंच असतें असें समजणाऱ्यानें ठाण्यावर जबाब कसा घेतात तें एकदां जवळून पाहावें. अशा अर्ध्या तासाच्या फरकावर उलटतपासणींत मोठमोठे इमले उभारले जातात. मीं स्वतः उभारले आहेत.

आतां कायद्याकडे वळूं. वर्तमानपत्रांतून जी जबानी आपण वाचतों, ती बहुधा न्यायाधीशापुढें पुरावा म्हणून येतच नाहीं, हें ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. पोलिस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. आरोपीनें सांगितल्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर त्या सांपडण्याशीं निगडित असेल तेवढाच भाग पुराव्यांत येतो. कोठडींतल्या बोलण्याला कोणता दाब कारण झाला असेल हें न्यायालयाला दिसत नाहीं, म्हणून कायद्यानें ही काळजी घेतली आहे. शिवाय घटनेच्या विसाव्या अनुच्छेदानें कोणाहि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं.

मग आरोपीचें म्हणणें न्यायालय ऐकतें तरी केव्हां ? फिर्यादी पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. त्याच्याविरुद्ध गेलेली एकेक गोष्ट त्याच्यापुढें ठेवून तिचा खुलासा मागतात. जुन्या फौजदारी संहितेचें कलम ३१३ तें हें. नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत तें ३५१ झालें आहे. येथें आरोपीला शपथ घालीत नाहींत. त्यानें उत्तर दिलें नाहीं किंवा खोटें दिलें, तरी तेवढ्यासाठीं त्याला शिक्षा होत नाहीं. पण तें उत्तर विचारांत मात्र घेतलें जातें. आणि जी गोष्ट त्याच्यापुढें ठेवलीच नाहीं, तिचा भार त्याच्यावर टाकतां येत नाहीं. ज्या विसंगतीबद्दल एखाद्याला दोषी धरावयाचें, तिचा उलगडा करण्याची संधि त्याला आधीं मिळाली पाहिजे. घरगुती भांडणांत सुद्धां आपण हा नियम पाळला, तर पुष्कळ अन्याय टळतील.

येथें कोणी विचारील, इतकें सारें आरोपीच्या बाजूचें असेल तर चार भिंतींआड झालेल्या खुनाचें काय ? रस्त्यावरच्या खुनाला साक्षीदार असतात. घरांतल्या खुनाला साक्षीदार म्हणजे आरोपीचीच आई, बाप, भाऊ. ती बिचारी मेलेली सून तर बोलत नाहीं. हा प्रश्न खरा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्याला दिलेलें उत्तर आपल्या मराठवाड्यांतल्याच एका खटल्यांतून आलेलें आहे. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. निकाल ११ ऑक्टोबर २००६ चा. खेड्यांतील एक विवाहिता. माहेराहून पैसे आणावे म्हणून तिचा छळ होत असल्याची तक्रार. आणि एके दिवशीं ती सर्पदंशानें गेली असा निरोप. शवचिकित्सेंत सर्पदंशाचें चिन्ह नाहीं. मृत्यु गळा दाबला जाऊन श्वास कोंडल्यानें झालेला.

न्यायालयानें तेथें जें सांगितलें त्याचा आशय असा. घराच्या आंत, गुप्तपणें गुन्हा घडतो तेव्हां फिर्यादी पक्षाकडून प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मागणें म्हणजे अशक्य तें मागणें होय. आरंभींचा भार त्याच्यावरच राहतो. पण तो इतर खटल्यांइतका जड नसतो. तो उचलला गेला, म्हणजे घरांत असलेल्यांनीं मृत्यु कसा झाला याचा पटण्यासारखा खुलासा केला पाहिजे. जी गोष्ट विशेषेंकरून ज्याच्याच माहितीची, तिची शाबिती त्यानें करावी, असें पुराव्याच्या कायद्याचें जुनें कलम १०६, म्हणजे आजचें १०९, सांगतें. आम्हांला ठाऊक नाहीं म्हणून हात झटकतां येत नाहींत. आणि खुलासा खोटा ठरला, तर तो खोटेपणा पुराव्याच्या सांखळींत आणखी एक कडी होऊन बसतो. त्या आरोपीची जन्मठेप कायम झाली. निरपराध्याला शिक्षा होऊं नये हें पाहण्याइतकेंच अपराधी सुटूं नये हें पाहणेंहि न्यायाधीशाचें काम आहे, याची आठवण त्या निकालपत्रांत मुद्दाम करून दिलेली आहे.

पण आणखी एक कडी, हे शब्द श्रोत्यांनीं विसरूं नयेत. कडी आणखी म्हणावयाची तर आधींची सांखळी असली पाहिजे. याचा फार महत्त्वाचा निवाडा १७ जुलै १९८४ रोजीं शरद बिर्धीचंद सारडा या खटल्यांत झाला. घटना पुण्याची, मृत तरुणीचें माहेर बीडचें. फेब्रुवारी १९८२ मध्यें लग्न, आणि जूनच्या ११ तारखेच्या रात्रीं सायनाइडच्या विषानें मृत्यु. पतीच्या बाजूचें म्हणणें, हा आत्मघात आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयानें त्याला फांशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानें ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें. तरुणीनें बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनाची जी अवस्था दिसत होती, तिच्यामुळें आत्मघाताची शक्यता पुसून टाकतां येत नव्हती. आणि आरोपीविरुद्धच्या कांहीं गोष्टी प्रश्नांच्या रूपानें त्याच्यापुढें ठेवलेल्याच नव्हत्या.

या निकालांत आरोपीच्या खोट्या बचावाविषयीं तीन अटी घातल्या आहेत. पहिली, फिर्यादी पक्षाच्या पुराव्याच्या सर्व कड्या समाधानकारक शाबीत झालेल्या असाव्या. दुसरी, त्या सर्वांचा रोख आरोपीकडे पुरेशा निश्चितपणें वळत असावा. तिसरी, काल व स्थल या दृष्टींनीं त्या गोष्टी घटनेच्या निकटच्या असाव्या. या तीन अटी पुऱ्या झाल्या, तरच खोट्या बचावाचा उपयोग सांखळी बळकट करण्याकडे व्हावा. तुटलेली कडी खोटेपणानें जोडून घ्यावयाची नाहीं. त्यानें केलें असेल, आणि त्यानेंच केलें असलें पाहिजे, या दोन वाक्यांतलें अंतर संशयानें भरून काढतां येत नाहीं.

तर मग खोटेपणा कधींच निर्णायक ठरत नाहीं काय ? ठरतो. त्याचें मोठें उदाहरण अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य हें आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९५९ मधला. आरोपी रक्ताचा नातेवाईक नव्हता, पण घरांतलाच मानलेला वैद्य होता. पुण्याच्या एका श्रीमंत विधवेला घेऊन तो १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीं आगगाडीनें मुंबईस निघाला. सकाळीं ती बेशुद्ध स्थितींत इस्पितळांत पोंचली आणि दुपारपूर्वींच वारली. इस्पितळांत त्यानें तिचें नांव खोटें दिलें. प्रेत बेवारस राहूं दिलें. पुढें कितीतरी दिवस ती जिवंत असल्याचें भासवीत राहिला. ती यात्रेला गेली, तिनें दूर कोठें पुनर्विवाह केला, अशीं पत्रें तिच्या नांवानें येत राहिलीं, आणि तिची मालमत्ता त्याच्या हातीं येत गेली. शवाच्या परीक्षेंत विष सांपडलें नाहीं. तरीहि न्यायालयानें बहुमतानें फांशीची शिक्षा कायम केली. नैसर्गिक मरणानें रोगी गमावलेला वैद्य असें वागत नाहीं. या साऱ्या वर्तनाचा अर्थ एकच होऊं शकतो, असें त्यांनीं ठरविलें. तीन न्यायमूर्तींपैकीं एकाला मात्र तें पटलें नाहीं. विषच सिद्ध नाहीं तेथें खून सिद्ध झाला असें म्हणावयास त्यांची तयारी नव्हती. हा मतभेद मला फार मोलाचा वाटतो. जेथें आयुष्यभर पुरावा तोलणारीं माणसेंहि एकमत होत नाहींत, तेथें आपण चहाच्या पेल्यावर निकाल देण्यापूर्वीं थोडें थांबावें, एवढें तरी त्यावरून शिकण्यासारखें आहे.

आतां कळंबच्या त्या वस्तीवर परत जाऊं. तो नवरा तीन प्रकारें बोलला. त्याच्या बोलण्यावर आपण अडून बसलों, तर कोठेंच पोंचणार नाहीं. आधीं त्या बाईला काय झालें तें पाहिलें पाहिजे. शवचिकित्सा काय म्हणते ? गळ्यावर दाबाच्या खुणा आहेत काय ? व्हिसेराची तपासणी झाली काय ? मग तो माणूस त्या रात्रीं खरोखर कोठें होता ? राखणीच्या माचाणावर त्याला कोणी पाहिलें काय ? त्यांच्यांत कांहीं कलह होता काय ? हीं उत्तरें मिळालीं, आणि बाईचा गळा दाबला गेला होता व तो घरींच होता असें ठरलें, तर मग त्याचें पान लागलें म्हणणें, पोटदुखी म्हणणें, राखणीला गेलों म्हणणें, हें सारें त्याच्याविरुद्ध उभें राहील आणि तें योग्यहि होईल. पण शवांत मण्यारीचें विष निघालें, आणि तो त्या रात्रीं दुसऱ्याच कोठें, जें सांगावयाची लाज वाटावी अशा जागीं गेला होता असें निघालें, तर पोटदुखीची गोष्ट त्यानें म्हाताऱ्या आईच्या तोंडून ऐकलेली असेल. तेव्हां त्याच्या खोट्याचा अर्थ एवढाच, कीं तो भित्रा व वाईट नवरा होता. वाईट नवऱ्याला कायद्यांत फांशी नाहीं.

म्हणून अशा प्रसंगीं नातेवाइकांचें व शेजाऱ्यांचें जें कर्तव्य आहे तें सांगून मी हें भाषण पुरें करतों. घरांत तरुण माणसाचा, विशेषतः सासरीं असलेल्या मुलीचा, आकस्मिक मृत्यु झाला तर घाईनें दहन होऊं देऊं नये. लोक काय म्हणतील या भीतीनें शवचिकित्सा टाळली, म्हणजे निरपराध्याचा बचाव आणि अपराध्याविरुद्धचा पुरावा, दोन्हीं एकाच चितेवर जळतात. सर्पदंशाचा संशय असेल तर तेंहि तपासून घ्यावें. आपण जें स्वतः पाहिलें असेल तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ऐकलेलें निराळें, पाहिलेलें निराळें. घरांतल्या मुलांना काय सांगावयाचें तें कोणी पढवूं नये. पढविलेल्या मुलाची साक्ष खरी असली तरी न्यायालयाला खरी वाटत नाहीं, आणि त्या मुलाच्या मनाला जी इजा होते ती कोणताहि निकाल भरून काढीत नाहीं.

आणि ज्याच्यावर संशय आला आहे, त्याला गांवानें आपलें म्हणणें पुरें सांगूं द्यावें. तो खोटें बोलत असेल, तर त्याच्या खोट्याची किंमत न्यायालय करील. तसें करण्याचीं साधनें त्याच्याजवळ आहेत, तीं आपण पाहिलींच. त्या मेलेल्या सुनेला न्याय मिळावयाचा तो त्याच साधनांनीं मिळेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं आधींच निकाल लावून टाकला, तर साक्षीदार त्या निकालाला जुळेल असेंच बोलूं लागतात, आणि मग खरें काय घडलें तें त्या बाईच्या आईबापांनाहि कधीं कळत नाहीं.